मुलाला परदेशी बंदरात एक शनिवार मोकळा मिळणार आहे, त्याने काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका ताईंचा मुलगा नौदलाच्या प्रशिक्षण जहाजावर आहे. जहाज हिंदी महासागरातल्या दोन-तीन बंदरांना जाणार आहे. मुलगा पहिल्यांदाच देशाबाहेर चाललाय आणि तिथे त्याला शनिवार-रविवार मोकळा मिळणार आहे. त्याला किती पैसे द्यावेत, काय काय बघायला सांगावं, मित्रांच्या नादाने दारू-बिरू तर नाही ना घेणार, त्याचा फोन का लागत नाही, आणि चिवडा पाठवला तर चालतो का?

ताई, आधी खटकलेली गोष्ट सांगून टाकतो. तुम्ही प्रश्नात जहाजाचं नाव, बंदराचं नाव आणि तारीख, तिन्ही लिहिलं होतं. मी ते गाळलंय. तुम्ही म्हणाल, पेपरात तर फोटोसकट छापून येतं. येतं, पण जहाज धक्क्याला लागल्यावर. त्याआधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आपला बंटी परवा सकाळी आठला पोचून राहिला’ असं टाकू नका. मावशी ते पुढे पाठवते, मावशीचे दीर आणखी पुढे, आणि दीर कोणाला पाठवतात ते कोणालाच ठाऊक नसतं. फोनचं उत्तरही इथेच आलं. डिसेंबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर ओळख वाढवून माहिती काढून घेतल्याच्या प्रकरणात नौदलाचे सात जण पकडले गेले आणि त्यानंतर नौदलाने जहाजांवर नि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. शिवाय किनारा मागे पडला की नेटवर्क कुठलं यायला? आठ-दहा दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नका. समुद्रात असंच असतं.

माझं म्हणाल तर मी नौदलात बावीस वर्षं काढली. त्यातली साडेतीन वर्षं प्रशिक्षण जहाजांवर, या पोरांचा ट्रेनिंग ऑफिसर म्हणून. आता नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतो. झीरो माइलच्या गावात समुद्राची नोकरी केलेला माणूस म्हटलं की लोक हसतात, पण विदर्भातली पोरं मी जहाजावर पुष्कळ पाहिली. अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी न पाहिलेली असतात. पहिले चार दिवस बादली जवळ घेऊन बसतात आणि पाचव्या दिवशी मेसमध्ये दुप्पट जेवतात.

आता ‘शनिवार-रविवार मोकळा’ या शब्दांबद्दल. जहाज बंदरात आहे म्हणजे सगळे बाहेर, असं नसतं. जहाजावरची माणसं वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, वाटलेली असतात. एक वॉच बाहेर गेला की दुसरा ड्यूटीवर राहतो, कारण आग लागली किंवा वादळामुळे धक्का सोडावा लागला तर जहाज हलवायला हात लागतात. परदेशी बंदरात त्यात भर पडते. शाळेची मुलं जहाज बघायला येतात, तिथल्या तटरक्षक दलाबरोबर फुटबॉलचा सामना असतो, संध्याकाळी डेकवर पाहुण्यांसाठी मेजवानी असते आणि तिथे पांढऱ्या कडक कपड्यांत ट्रे घेऊन उभी राहणारी हीच पोरं असतात. मीठ साचलेलं लोखंड घासून रंग मारायचा, तेही बंदरातच. हे सगळं वजा जाता दोन दिवसांतून तुमच्या मुलाच्या हाती सात-आठ तास लागतात. त्याला आम्ही लिबर्टी म्हणतो. रजा वेगळी. रजेत माणूस घरी जातो, लिबर्टीत तो जहाजाचाच असतो, फक्त पाय जमिनीवर असतात.

लिबर्टीला निघताना पोरं डेकवर फॉलिन करतात, म्हणजे रांगेत उभी राहतात. कपडे, केस, बूट, ओळखपत्र बघितलं जातं. जीन्स फाटकी असेल तर परत खाली. मग गँगवेवर, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायच्या शिडीशी, नाव लिहून उतरायचं. येताना त्याच गँगवेवर, दिलेल्या वेळेआधी, नाव खोडायचं. वेळ चुकवणाऱ्याला नौदलात ‘ॲड्रिफ्ट’ म्हणतात, वाहून गेलेला. त्यातही जहाज निघण्याच्या हुकमावर असताना ॲड्रिफ्ट झाला तर प्रकरण फार वाढतं, कारण जहाज थांबत नाही आणि पोरगा परक्या देशात वकिलातीच्या दारात उभा राहतो.

म्हणून तुमच्या मुलाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा: दिवस उलटा मोज. गँगवेवर आठला हजर व्हायचंय ना? मग साडेसातला बंदराच्या फाटकाशी. सव्वासहाला परतीच्या गाडीत. म्हणजे सहानंतर कुठल्याच दुकानात शिरायचं नाही. राहिलेला वेळ तुझा, त्यात काय हवं ते कर. सगळी पोरं दिवस सकाळकडून आखतात, आधी हे बघू, मग ते बघू, आणि संध्याकाळ उरेल त्यात बसवतात. ती बसत नाही.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदरात आमचं जहाज होतं, शनिवार होता. व्हिक्टोरिया ही राजधानी, पण आकाराने आपल्या धरमपेठेत मावेल. मधोमध १९०३ सालचा चंदेरी घड्याळाचा मनोरा आहे. लोक त्याला बिग बेनची नक्कल समजतात, पण तो लंडनच्याच व्हिक्टोरिया स्टेशनाजवळच्या एका लहान मनोऱ्यावरून केलेला आहे. सकाळी मासळी नि मसाल्याचा बाजार गजबजलेला, आणि शनिवारी दुपार उलटली की शटरं खाली. आमची चार पोरं बसने डोंगरापलीकडच्या बो व्हॅलाँच्या किनाऱ्यावर गेली. सुंदर किनारा, पोहली, वाळूत झोपली. साडेपाचला बसथांब्यावर आली. शनिवार संध्याकाळची बस त्यांना नागपूर-वर्धा गाडीसारखी वाटली असावी, एक गेली तर दुसरी आहेच. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मग चौघं डोंगर चढून चालत निघाली. चाळीस मिनिटं उशिरा, बूट हातात, पायाला फोड, अशी वरात गँगवेवर आली. त्यातला एक आपल्या यवतमाळकडचा. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, “सर, बस येऊनच नाही राहिली.”

हसू आलं, पण चौघांची पुढच्या बंदरातली लिबर्टी मी बंद केली. उशिरासाठी नाही. चौघांपैकी एकालाही जहाजावर फोन करावासा वाटला नव्हता. इकडे आम्ही दोन माणसं त्यांना शोधायला पाठवली होती, आणि त्या दोघांची स्वतःची संध्याकाळ त्यात गेली होती. उशीर होतो, मलाही झालाय. पण उशीर होतोय हे आधी कळवलं की तो निभावता येतो. पुढच्या बंदरात ही चार पोरं डेकवर रंग मारत होती आणि बाकीचे हात हलवत उतरत होते. यवतमाळवाला पुढे चांगला अधिकारी झाला. आता त्याच्या हाताखालच्या पोरांना तो बसचं वेळापत्रक पाठ करायला लावतो म्हणे.

चौघांवरून आठवलं. बाहेर जाताना चार जणांनी जावं, दोघांनी नाही नि दहांनीही नाही. एक आजारी पडला तर एक त्याच्याजवळ बसतो आणि उरलेले दोघं मदत आणायला जातात. दोघंच असतील तर आजाऱ्याला एकटं सोडावं लागतं. दहा असले की कुठे जेवायचं हे ठरवण्यातच दुपार जाते. चौघांत एक तरी न पिणारा असावा. आणि चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची.

खिशात कागदाचा एक तुकडा हवा. त्यावर बंदराच्या फाटकाचं नाव, धक्क्याचा क्रमांक आणि जहाजाचा ड्यूटी फोन. टॅक्सीवाल्याला ‘इंडियन नेव्ही शिप’ सांगून काही उपयोग नसतो, त्याला फाटक कळतं. बाहेर फोन नेता आला तरी, फोनमध्ये लिहिलंय म्हणणाऱ्यांचा फोन नेमका संध्याकाळी सहाला मरतो, दिवसभर फोटो काढल्यामुळे.

आता बघायचं काय. तुमच्या यादीतलं एक बंदर मॉरिशसचं पोर्ट लुई आहे एवढं सांगायला हरकत नाही, तिथे आपली जहाजं कायम जातात. तिथे मुलाने सकाळी सगळ्यात आधी आप्रवासी घाटावर जावं. बंदराच्या काठालाच आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजाने करारावरच्या हिंदी मजुरांची तुकडी इथे उतरली, आणि पुढे १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं याच बेटावर आणली गेली. आजची इमारत १८४९ च्या सुमारास उभारायला घेतली. तिथल्या दगडी पायऱ्या चढून माणसं आत जायची, त्यांची नोंद व्हायची आणि मग उसाच्या मळ्यांवर वाटणी. २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलंय. स्मारकं मला एरवी लवकर कंटाळा आणतात, पण पांढऱ्या गणवेशातलं पोरगं जहाजावरून उतरून त्या पायऱ्यांशी उभं राहतं तेव्हा त्याला काही सांगावं लागत नाही. तीही माणसं समुद्रानेच आली होती.

त्यांत मराठी माणसंही होती, बहुतेक कोकणपट्टीतली. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाजाराजवळ एका माणसाने माझ्या छातीवरची आडनावाची पट्टी वाचली आणि अगदी पुस्तकी मराठीत विचारलं, “नमस्कार, आपण कोठून आलात?” मी म्हटलं, नागपूर. त्याला नागपूर ठाऊक नव्हतं. रत्नागिरी ठाऊक होतं, तेही पाहिलेलं नव्हतं. दोन वाक्यांनंतर त्याचं मराठी संपलं आणि तो तिथल्या क्रिओल भाषेत बोलायला लागला, ती मला कळेना. पाच मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघून नुसते मान डोलावत होतो. पण त्याने मला दालपुरीच्या गाडीशी नेऊन उभं केलं आणि पैसे देऊ दिले नाहीत.

ही दालपुरी तुमच्या मुलाने खाल्लीच पाहिजे. पुरणपोळीतून गूळ काढून टाका, पोळी पातळ नि मऊ ठेवा, आत पिवळी डाळ भरडून भरलेली. त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं कालवण नि हिरवी मिरचीची चटणी घालून गुंडाळून देतात, आणि जोडीनेच देतात. सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला तिखट कमी वाटेल, चटणी जास्त मागायची. गातो पिमाँ नावाचे डाळीचे तिखट वडे मिळतात, ते तर थेट आपले डाळवडे. उन्हात आलूदा प्यायचा, फालुद्याचा भाऊ आहे.

दुपारनंतर पोर्ट लुईत थांबू नये. ते कचेऱ्यांचं शहर आहे, शनिवारी दुपारी ओस पडतं. पाण्याकाठच्या कोदाँ भागातली दुकानं तेवढी चालू असतात आणि घोड्यांच्या शर्यतींचा मोसम असेल तर शाँ द मार्सच्या मैदानावर गर्दी असते. १८१२ पासून तिथे शर्यती होताहेत. लांबून बघाव्यात, पैसे लावू नयेत. त्यापेक्षा मेट्रो पकडावी. भारताच्या मदतीने बांधलेली आहे, २०२२ पासून थेट क्युरपीपपर्यंत जाते. डबे स्वच्छ, आपल्या सीताबर्डीच्या गाडीत बसल्यासारखंच वाटतं, फक्त खिडकीबाहेर डोंगर आणि ऊस. क्युरपीप उंचावर, कायम भुरभुर पाऊस. स्टेशनवरून चढण चढून गेलं की त्रू ओ सेर्फ नावाचा सुप्त ज्वालामुखी आहे, वाटीसारखा, आत झाडी. वर उभं राहून बेटाचा बराच भाग दिसतो. जाऊन येऊन तीन तास, आणि परतीची गाडी कधी आहे ते जातानाच बघून घ्यायचं. बो व्हॅलाँची आठवण ठेवून.

हे सगळं मी लिहिलं खरं, पण ताई, ही यादी त्याच्या हातात देऊ नका. तो विचारील तर सांगा. नऊ-दहा दिवस समुद्रात काढून आलेल्या पोराला काय हवं असतं ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. त्याला हलत नसलेली खुर्ची हवी असते. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळतं, झोप चार-चार तासांच्या तुकड्यांत, आणि एकांत तर मुळीच नाही, एका खोलीत एकावर एक बिछाने. बंदरात उतरल्यावर जमीनच डुलल्यासारखी वाटते, पहिला तास तर चाल वाकडी पडते. मी अशी पोरं पाहिलीत की चारशे वर्षांचा इतिहास समोर असताना बागेतल्या बाकावर दोन तास गाढ झोपली आणि मग आइस्क्रीम खाऊन परत आली. त्यांचा शनिवार वाया गेला असं मला कधी वाटलं नाही. उलट ज्यांनी घरून आलेल्या यादीप्रमाणे सात ठिकाणं गाठली ती सोमवारी वॉचवर पेंगायची.

तो फोन करील तेव्हा दहा मिनिटं बोला. मॉरिशस आणि सेशेल्सची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत, म्हणजे तिथे संध्याकाळी सहा वाजले की नागपुरात साडेसात. आजी, काका, शेजारच्या काकू असा फोन फिरवू नका. त्याच्या मागे उभा असलेला मित्र आपल्या घरी फोन करायची वाट पाहत असतो.

पैशांचं सोपं आहे. जास्त देऊ नका. जेवणखाण जहाजावर असतं. एका दिवसाचं खाणं, जाणं-येणं, एखादी छोटी वस्तू, एवढंच लागतं. सेशेल्स महाग आहे, मॉरिशस त्यामानाने परवडतं. फोन जवळ ठेवता आला तर मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय चालतं, मात्र बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आधी चालू करून ठेवावे लागतात, आणि ते जहाज निघण्याआधी कोचीलाच, नेटवर्क असताना करावं. टॅक्सीने परत येण्याइतकी रोकड वेगळ्या खिशात. तिला बाकी कशासाठीही हात लावायचा नाही.

दारूबद्दल सरळ सांगतो. आमच्या जहाजावर प्रशिक्षणार्थींना ती पूर्ण बंद होती आणि गँगवेवरचा माणूस प्यायलेलं पोर झोकांड्यांवरून नाही तर त्याच्या फार सरळ चालण्यावरून ओळखायचा. तरी एखादा घेतोच. पण माझ्या वेळी बंदरातली जास्त दुखणी दारूने झाली नाहीत, भाड्याच्या स्कूटरने झाली. किनाऱ्यावर कोणीही स्कूटर देतो, पोरं नागपूरच्या रिंगरोडवर चालवतात तशी घाटात चालवतात, आणि हात मोडला की प्रशिक्षण एक सत्र मागे. स्कूटर नको, हे त्याला तुम्ही नाही, त्याच्या बाबांनी सांगावं, कारण आईचं ‘नको’ या वयात मोजलं जात नाही. पोहण्याची परीक्षा तो पास झालेला असणार, तरी खडकांच्या रांगेपलीकडे जाऊ नये. तरण तलावाला ओढ नसते, समुद्राला असते.

पुढे कधी सिंगापूरला गेलाच तर तिथे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, खिशात सापडलं तरी गुन्हा आहे, २०१८ पासून. एस्प्लनेड पार्कात आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारा फलक आहे. मूळ स्मारकाचा पाया नेताजींनी जुलै १९४५ मध्ये घातला आणि इंग्रजांनी परत आल्यावर ते पाडलं. दहा मिनिटांचं काम, जरूर बघावं.

राहिली नातेवाइकांची खरेदी. कोणी सेंट मागतं, कोणी घड्याळ, कोणी सेशेल्सचं ते मोठं जोडनारळ, कोको द मेर. जोडनारळ सरकारी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. किनाऱ्यावरचे शंख-पोवळी उचलू नयेत, कितीही सुंदर असली तरी. आणि मुख्य म्हणजे त्याच्या वाट्याला जे कपाट आलेलं असतं ते आपल्या घरच्या आलमारीच्या एका खणाएवढं. त्यात गणवेश, बूट, पुस्तकं आणि घडी केलेला रेनकोट. सेंटची बाटली फुटली तर अख्खी खोली महिनाभर त्याला शिव्या देते. मावशीला तुम्हीच नाही म्हणा, त्याला म्हणायला लावू नका.

चिवडा मात्र पाठवा. बंदरात उतरवण्यासाठी नाही, बऱ्याच देशांत खाण्याचे पदार्थ बाहेर न्यायला हरकत घेतात आणि फळांना तर हमखास, त्यामुळे संत्री अजिबात नकोत. जहाजावर खाण्यासाठी पाठवा, कोचीच्या पत्त्यावर, निघण्याच्या आठवडाभर आधी पोचेल असा. काचेची बरणी नको, दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून. शेंगदाणे कमी घाला, दमट हवेत तेच आधी खवट होतात. संत्रा बर्फी पाठवायची तर तीन दिवसांत संपेल इतकीच. आणि चिवडा दोन किलो तरी करा. एक किलो पहिल्या रात्री मेसमध्येच संपतो, त्याच्या तोंडी काही लागत नाही.